खांब जमिनीलगतच का कुजतो? – खडकीच्या लाइनमनकाकांकडून शिकलेला धडा



होळी जवळ आली की मला आमच्या खडकीतला एक लाकडी खांब आठवतो. आजचा पाठ त्या खांबाचाच आहे. यात थोडं जीवशास्त्र आहे, थोडं रसायनशास्त्र आहे आणि पुढे एक छोटंसं गणितही आहे. गणित आलं म्हणून वाचन थांबवू नका, खरी गंमत तिथेच आहे.

खडकी म्हणजे लष्कराची वस्ती. १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना, बॉम्बे सॅपर्सचं केंद्र, मधून जाणारी मुंबई-पुणे रेल्वे आणि खाली मुळा नदी. आम्ही बाजारामागच्या एका बैठ्या चाळीत राहायचो. चाळीतल्या बहुतेक मुलांचे वडील कारखान्यात होते. एकच घर वेगळं, टेलिफोनवाल्या काकांचं. काका पोस्ट अँड टेलिग्राफ खात्यात लाइनमन म्हणून लागले. १९८५ साली पोस्ट आणि टेलिफोन वेगळे झाले, मग २००० साली बीएसएनएल आलं. पण काका शेवटपर्यंत "मी पी अँड टीचा माणूस" असंच सांगायचे.

त्या वर्षी गल्लीच्या तोंडाशी असलेला जुना लाकडी खांब काढला, कारण जमिनीखालून केबल आली होती. आपल्याकडे टेलिफोनचे खांब बहुतेक लोखंडी नळीचेच. लाकडी खांब विरळा, म्हणून तो आम्हा पोरांच्या ओळखीचा झाला होता. रंग हिरवट राखाडी. वारा सुटला की त्याला कान लावून आम्ही गुणगुण ऐकायचो. लोकांचं फोनवरचं बोलणंच ऐकू येतंय अशी आमची पक्की समजूत होती. (ते बोलणं नव्हतं. ताणलेल्या तारा वाऱ्याने कंप पावतात आणि तो कंप लाकडातून खाली येतो. ध्वनीचा पाठ शिकताना हे उदाहरण लक्षात ठेवा.)

खांब काढून भिंतीशी आडवा टाकला होता. होळीला चारच दिवस उरले होते. एवढं मोठं लाकूड फुकटात! आम्ही सात-आठ जणांनी दोर बांधून तो मैदानापर्यंत ओढत नेला. वरच्या आळीच्या होळीला यंदा खाली बघायला लावायचं, असं ठरलं होतं.

संध्याकाळी काका सायकलवरून येताना थांबले. सायकल तशीच आडवी टाकून धावत आले.

"कुणी आणला रे हा?"

आम्ही अभिमानाने सांगितलं.

"हात लावू नका आता. याच्यात सोमल आहे, सोमल. पेटवलात तर धूर तुमच्या घरात, आणि राख तुमच्या कपाळावर. कळतंय का?"

आम्हाला काही कळलं नाही. काकांनी सगळ्यांना नळावर नेऊन साबणाने हात धुवायला लावले, दोन माणसं बोलावून खांब परत नेला आणि गोवऱ्यांसाठी स्वतःच्या खिशातले पैसे दिले. आम्ही पैसे घेतले, पण चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. आमची होळी त्या वर्षी गुडघ्याएवढीच झाली.

आता विचार करा. आपल्याकडे होळीत नारळ टाकतात आणि भाजलेला काढून प्रसाद म्हणून खातात. निखाऱ्यांवर पाणी तापवून दुसऱ्या दिवशी मुलांना आंघोळ घालतात. धुळवडीला राख अंगाला लावतात. त्या लाकडात सोमल, म्हणजे अर्सेनिक, असेल तर ते जळून नाहीसं होत नाही. मूलद्रव्य जळून संपत नसतं, हे तुम्ही शिकला आहात. काही भाग धुरातून जातो आणि बराचसा राखेत साठतो. लाकूड जळून मूठभर राख उरते, म्हणजे तेच विष आता कितीतरी घट्ट झालेलं असतं. काकांनी त्या संध्याकाळी काय वाचवलं हे मला बी. एस्सी.ला गेल्यावर कळलं.

पण मग प्रश्न पडतो, टेलिफोनच्या खांबात विष घालायचंच कशाला?

लाकूड कुजतं म्हणजे नेमकं काय होतं?

आपण म्हणतो, "पाण्याने लाकूड कुजलं." हे अर्धंच खरं आहे. लाकूड पाणी कुजवत नाही, कवक म्हणजे बुरशी कुजवते. लाकडातलं सेल्युलोज आणि लिग्निन हे तिचं अन्न. बुरशीला जगायला चार गोष्टी लागतात: अन्न, ओलावा, हवा आणि बऱ्यापैकी ऊब. यातली एक जरी काढून घेतली तरी ती वाढत नाही.

जुन्या वाड्यातली तुळई शंभर-दोनशे वर्षं टिकते, कारण ती कोरडी असते. विहिरीच्या तळाशी पाण्यात कायम बुडालेलं लाकूडही वर्षानुवर्षं टिकतं, कारण तिथे हवा नाही. म्हणजे पूर्ण कोरडं चालतं आणि पूर्ण बुडालेलंही चालतं. वाईट अवस्था मधली.

आता जमिनीत पुरलेला खांब डोळ्यांसमोर आणा. वरचा भाग पावसात भिजतो, पण उन्हा-वाऱ्याने लगेच वाळतो. अगदी खालचा भाग ओला असतो, पण तिथे हवा कमी. जमिनीच्या पातळीपासून खाली साधारण हात-दीड हात, एवढ्याच पट्ट्यात ओल आहे, हवा आहे आणि ऊबही आहे. बुरशीला जे जे हवं ते सगळं तिथे एकत्र मिळतं. त्यात मुळेकाठच्या काळ्या मातीसारखी ओल धरून ठेवणारी माती असेल तर विचारायलाच नको. वाळवीही याच वाटेने आत शिरते.

गावाकडे कुंपणाला डांब पुरतात ते आठवा. डांब मोडतो तेव्हा कुठे मोडतो? वर नाही, खाली टोकालाही नाही. मातीला चिकटून मोडतो. लोखंडी खांबसुद्धा गंजतो तो तिथेच. म्हणून त्यांचंही बूड काळ्या डांबरी रंगाने रंगवलेलं असतं.

इथे एक गैरसमज दूर करतो. "सागवान आहे, त्याला काय होतंय" असं बरेच जण म्हणतात. सागाच्या झाडाचा आतला गाभा खरोखर टिकाऊ असतो, कारण झाड त्यात स्वतःच बुरशीला नकोशी द्रव्यं साठवतं. पण बाहेरचं फिकट, कोवळं लाकूड, ज्यातून झाड पाणी वर नेतं ते रसकाष्ठ, ते सागाचं असो की निलगिरीचं, मातीत दोन-चार वर्षांत बसतं. कोवळ्या सागाच्या बल्लीत गाभा बोटभर आणि रसकाष्ठच जास्त. त्यामुळे सागाची बल्लीही औषध न मारता पुरली तर दगा देते.

हा प्रश्न आपल्या देशात तारयंत्राइतकाच जुना आहे. १८५० च्या दशकात विल्यम ओशॉनेसी याने कोलकाता, आग्रा, मुंबई, मद्रास अशी तारेची लाइन टाकली तेव्हा कुठे बांबू, कुठे सागवान, तर दक्षिणेत काही ठिकाणी चक्क दगडी खांब वापरले. तारही चांगली जाड घेतली, कारण आपल्याकडे तारेवर फक्त चिमण्या बसत नाहीत, माकडंही लोंबकळतात. पुढे लोखंडी खांबांचं चलन वाढलं, त्यामागे वाळवी हे एक मोठं कारण होतं.

औषध आत जातं कसं?

लाकडावर वरून ब्रशने औषध फासलं तर ते जेमतेम एक-दोन मिलिमीटर मुरतं. उन्हाळ्यात लाकडाला भेग पडली की ती थेट आतल्या कोऱ्या लाकडापर्यंत जाते आणि बुरशीला दार उघडं मिळतं. बूड जाळून काळं करण्याची आपल्याकडची पद्धत किंवा गाडीचं जुनं ऑइल फासणं, यांचाही मातीत फारसा उपयोग होत नाही. औषध खोल गेलं पाहिजे.

त्यासाठी आधी खांबाची साल पूर्ण काढतात, कारण सालीतून द्रव आत जात नाही. मग खांब काही महिने रचून वाळवतात. लाकडातल्या नळ्या पाण्याने भरलेल्या असतील तर औषधाला जागाच कुठे? वाळलेले खांब ट्रॉलीवर चढवून एका लांबलचक पोलादी नळकांड्यात ढकलतात आणि त्याचं जाड दार बोल्टने बंद करतात. पंपाने आतली हवा काढतात, म्हणजे लाकडाच्या पेशींमधलीही हवा निघते. मग औषधाचा द्रव सोडतात आणि त्यावर दाब देतात. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला दहा किलोच्या आसपास असतो, म्हणजे घरच्या कुकरच्या साधारण दहापट. काही तासांनी द्रव काढून घेतात आणि पुन्हा एकदा हवा खेचतात, म्हणजे खांब टपटपत बाहेर येत नाही.

ही रीत जॉन बेथेल या इंग्रज माणसाची, १८३८ ची. तो क्रिओसोट वापरायचा. दगडी कोळशापासून डांबर निघतं, त्यातून काढलेलं हे काळसर तेल. खडकी स्टेशनात लहानपणी उन्हात एक उग्र, धुरकट वास यायचा आठवतो. तो रुळांखालच्या लाकडी स्लीपरना दिलेल्या या तेलाचा. आता काँक्रीटचे स्लीपर आल्यावर तो वास गेला. अजूनही कुठे जुन्या स्लीपरचा बाक किंवा जिना दिसला की मी वाकून वास घेतो. विद्यार्थ्यांनी मात्र घेऊ नये. क्रिओसोटमध्ये कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं असतात.

आमच्या गल्लीतला खांब क्रिओसोटचा नव्हता. हिरवट होता, म्हणजे दुसरं औषध. आणि या दुसऱ्या औषधाचा शोध आपल्याच देशात लागलेला आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम् या शास्त्रज्ञाने १९३३ साली ते तयार केलं. नाव ठेवलं 'आस्कू'. अर्सेनिकची संज्ञा एएस आणि तांब्याची सीयू, दोन्ही जोडून आस्कू. १९३८ साली त्याला अमेरिकेचं पेटंट मिळालं आणि पुढे कित्येक दशकं जगभर खांबांसाठी याच घराण्यातली औषधं वापरली गेली.

त्यात घटक तीन: अर्सेनिक पेंटॉक्साइड एक भाग, मोरचूद तीन भाग आणि पोटॅशियम डायक्रोमेट चार भाग. मोरचूद तर नाशिकच्या द्राक्षवाल्यांच्या घरात कायम असतं. चुन्यात कालवून बोर्डो मिश्रण करतात आणि वेलीवरच्या बुरशीवर फवारतात. इथेही मोरचुदाचं काम तेच, बुरशी मारणं. सोमल आहे वाळवीसाठी. शिवाय काही चिवट बुरशा तांब्याला दाद देत नाहीत, त्यांचा बंदोबस्तही तोच करतो.

मग डायक्रोमेट कशाला? कामेशम् यांची खरी हुशारी इथे आहे. मोरचूद पाण्यात सहज विरघळतं. नुसतं मोरचूद भरलं तर दोन पावसाळ्यांत धुऊन जाईल. डायक्रोमेट लाकडातल्या द्रव्यांशी अभिक्रिया करतं. त्यातलं सहा संयुजेचं क्रोमियम क्षपण होऊन तीन संयुजेचं बनतं आणि त्या ओघात तांबं आणि अर्सेनिक दोन्ही न विरघळणाऱ्या रूपात लाकडाच्या तंतूंना घट्ट धरली जातात. यासाठी खांब दोन-तीन आठवडे तसाच ठेवावा लागतो. दहावीला ऑक्सिडीकरण आणि क्षपण पाठ करताना "हे कुठे लागतं सर?" असं विचारता ना, ते इथे लागतं. हिरवट रंगही या क्रोमियमचा आणि तांब्याचा. असा खांब तीस-चाळीस वर्षं सहज उभा राहतो. औषधाशिवाय तोच खांब पाच वर्षंही काढत नाही.

पण धरून ठेवलेलं विषही विषच. अमेरिकेत २००३ अखेरीस घरगुती वापराच्या लाकडासाठी हे औषध बंद केलं, म्हणजे अंगण, झोपाळे, मुलांची खेळणी वगैरेंसाठी. खांबांसाठी मात्र ते चालू ठेवलं. मला हा निर्णय योग्य वाटतो. खांबाला रोज कुणी मिठी मारत नाही आणि एक खांब चाळीस वर्षं टिकला तर तेवढी झाडं वाचतात. प्रश्न येतो तो खांब निवृत्त झाल्यावर. तेव्हा तो फुकटचं लाकूड म्हणून कुणाच्या तरी चुलीत, गोठ्यात किंवा होळीत जातो. म्हणून सांगतो: हिरवट रंगाचं किंवा काळ्या तेलकट वासाचं जुनं लाकूड जाळायचं नाही, त्याचा भुसाही उडवायचा नाही, आणि त्याच्यावर गुरांचं खाणं ठेवायचं नाही.

हातोडा आणि स्क्रू ड्रायव्हर

आता काकांच्या नोकरीबद्दल. काकांची पिशवी खाकी कापडाची. तिच्यात पक्कड, टेस्टचा फोन, चिकटपट्टी, एक हातोडा आणि एक लांब स्क्रू ड्रायव्हर. लाकडी खांबावर चढण्याआधी ते दोन गोष्टी करायचे. हातोड्याने खालून वर ठोकत जायचे आणि आवाज ऐकायचे. लाकूड भरीव असेल तर आवाज खणखणीत, पोकळ असेल तर ढब्ब. मग बुडाजवळची माती टीचभर उकरून स्क्रू ड्रायव्हर लाकडात खुपसून बघायचे.

"काका, हातोडा मारलात ना, मग माती कशाला उकरता?" मी एकदा विचारलं होतं.

"हातोडा आतलं सांगतो रे. मला बाहेरचं बघायचंय. बाहेरचं गेलं की खांब गेला."

मला हे उलटंच वाटलं. आतून पोकळ झालेला खांब जास्त धोक्याचा, बाहेरून थोडा खरवडला गेला तर काय मोठं? काकांना त्याचं कारण सांगता यायचं नाही. जुन्या लाइनमनकडून शिकले होते, एवढंच. पण एक प्रसंग ते नेहमी सांगायचे.

मुळशीकडची लाइन होती. पावसाळ्याचे दिवस. एका गावात तेव्हा एकच फोन, तोही दुकानात, आणि चार दिवस बंद. काका पोचले तेव्हा दुकानापुढे पंधरा-वीस माणसं जमलेली. मुंबईला कुणी आजारी होतं, कुणाला ट्रंक कॉल लावायचा होता. दोष शेवटून दुसऱ्या खांबावर, वर कपाशी. काकांनी हातोडा मारला, आवाज चांगला आला. माती उकरून स्क्रू ड्रायव्हर लावला तर तो चारी बाजूंनी दोन-दोन बोटं आत गेला, ओल्या गुळात जावा तसा.

काका चढले नाहीत. लोक म्हणाले, "मागच्या महिन्यात तर तुमचाच माणूस चढला होता." कुणी म्हणालं, "साहेब घाबरले." काकांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी अलीकडच्या चांगल्या खांबावरून ड्रॉप वायर काढली, एका आंब्याच्या फांदीवरून फिरवून थेट दुकानात आणली आणि अंधार पडायच्या आत फोन चालू केला. आठच दिवसांनी वाऱ्याने तो खांब पडला. बुडाशी मोडला, मातीला चिकटून.

काका सांगायचे, असा खांब पुष्कळदा स्वतःच्या बळावर उभा नसतोच, दोन्हीकडच्या तारांनी त्याला धरून ठेवलेलं असतं. माणूस वर चढतो, कमरेचा पट्टा खांबाला अडकवतो आणि दुरुस्तीसाठी एका बाजूची तार सोडतो. त्या क्षणी खांब दुसऱ्या बाजूला झुकतो, आणि माणूस पट्ट्याने त्याला बांधलेला असतो. उडी मारायचीही सोय नसते.

आता गणित. गोल खांब वाकताना किती जोर सोसतो ते त्याच्या व्यासाच्या घनावर ठरतं. आणि उंच खांबाला वारा किंवा तार ओढते तेव्हा सगळ्यात जास्त ताण येतो तो जमिनीच्या पातळीला. म्हणजे बुरशीचं आवडतं ठिकाण आणि ताणाचं ठिकाण एकच!

समजा खांबाचा व्यास २० सेंटिमीटर आहे. बाहेरून सगळीकडे २ सेंटिमीटर लाकूड कुजलं. चांगला व्यास उरला १६. गुणोत्तर १६ भागिले २०, म्हणजे ०.८. त्याचा घन ०.५१२. फक्त दोन सेंटिमीटर गेले आणि निम्मी ताकद गेली. काकांच्या खांबासारखे ३ सेंटिमीटर गेले असतील तर ०.७ चा घन, ०.३४३. उरली एक-तृतीयांश.

आता उलट धरा. बाहेरचं लाकूड ठणठणीत आहे, पण आत १० सेंटिमीटर व्यासाची पोकळी पडली आहे. निम्मा व्यास गेला! इथे तूट काढताना आतल्या आणि बाहेरच्या व्यासांच्या गुणोत्तराचा चौथा घात घेतात. ०.५ चा चौथा घात ०.०६२५. म्हणजे तूट फक्त सव्वासहा टक्के.

मी हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा दोनदा तपासलं. आत मूठ जाईल एवढी पोकळी, तरी खांब जवळजवळ पूर्ण ताकदीचा. आणि बाहेरून अंगठ्याच्या रुंदीएवढं लाकूड मऊ झालं की खांब अर्धा. बांबू पोकळ असूनही मजबूत का, सायकलची दांडी नळीची का, याचं उत्तरही हेच. (पोकळी पुढे वाढत जाते, म्हणून पोकळ खांब सुरक्षित असतो असा अर्थ मात्र काढू नका. काका दोन्ही तपासायचे ते उगाच नव्हे.)

यातून औषधाचीही एक गोष्ट उलगडते. नळकांड्यात कितीही दाब दिला तरी औषध गाभ्यात फारसं शिरत नाही, कारण गाभ्यातल्या नळ्या झाडाने आधीच बुजवलेल्या असतात. ते मुरतं फक्त बाहेरच्या रसकाष्ठात. मला आधी वाटायचं, मग आतलं तसंच राहिलं, उपयोग काय? पण खांबाची ताकद बाहेरच्याच कड्यात असते. औषध जिथे जातं, नेमकं तिथेच ते हवं असतं. म्हणून सुताराला नको असलेलं पांढरं लाकूड खांबवाल्याला हवं असतं, आणि खांब चौकोनी तासत नाहीत, गोलच ठेवतात.

काकांचा आणखी एक नियम आता लगेच समजेल. औषध मारलेला खांब लांब झाला तर बुडातून कधी कापायचा नाही. करवत चालवली की मधला कोरा गाभा उघडा पडतो आणि तोच टोक खाली मातीत जातं. कापायचंच तर शेंड्याकडून, आणि कापल्या जागी औषध लावून. भोकंसुद्धा औषध मारण्याआधीच पाडून घ्यायची. पुरताना लांबीचा साधारण सहावा भाग जमिनीत, आणि माती खांबाकडून बाहेर उतरती करायची, म्हणजे पाणी बुडाशी साचत नाही. शेतात डांब पुरणाऱ्यांनी एवढं शेवटचं केलं तरी फरक पडतो.

काका निवृत्त झाले तेव्हा लाकडी खांब तर सोडाच, उघड्या ताराही संपत आल्या होत्या. १५ जुलै २०१३ ला तार सेवा बंद झाली, तेव्हा त्यांनी आदल्या दिवशी रांगेत उभं राहून स्वतःलाच एक तार पाठवली. ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधून ७८ हजारांहून जास्त कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले. त्यात काकांच्या हाताखाली शिकलेले काही जण होते. त्यातले दोघे त्या आठवड्यात चहाला आले होते. मीही होतो. सगळा वेळ बोलणं चाललं होतं ते कुठल्या डीपीत कुठली जोडी खराब आहे याचं, जणू सोमवारी पुन्हा कामावर जायचंय.

काकांचा स्क्रू ड्रायव्हर आता माझ्याकडे आहे. दहावीच्या वर्गात हा पाठ घेताना मी तो टेबलावर ठेवतो.

करून पाहा

नळकांड्यातली क्रिया घरी बघता येते. सुई नसलेली मोठी सिरिंज घ्या. पालकाच्या पानाच्या लहान गोल चकत्या कापून तिच्यात टाका, पाणी भरा आणि पाण्यात साबणाचा एकच थेंब घाला. चकत्या तरंगतील. आतली मोकळी हवा बाहेर काढा, तोंडावर बोट घट्ट दाबून दट्ट्या मागे ओढा. चकत्यांतून बारीक बुडबुडे निघताना दिसतील. आता दट्ट्या सोडा. हवा गेलेल्या जागी पाणी शिरेल आणि दोन-चार वेळा असं केल्यावर चकत्या तळाशी बसतील. बेथेलने खांबांबरोबर हेच केलं. कुठल्या वेळी पाणी आत शिरतं, दट्ट्या ओढताना की सोडताना? नीट बघून लिहा.

आणि एक गणित घरी करायला. खांबाचा व्यास २४ सेंटिमीटर आहे. 'अ' खांब बाहेरून सगळीकडे ३ सेंटिमीटर कुजला आहे. 'ब' खांबाच्या आत १२ सेंटिमीटरची पोकळी आहे. दोघांची उरलेली ताकद काढा, आणि काका यातल्या कुठल्या खांबावर चढले नसते ते वहीत कारणासह लिहून आणा. मोजमापासाठी रस्त्यावरच्या विजेच्या खांबाला हात लावायचा नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही. वाळलेला ओंडका चालेल.